चुणचुणीचं मशीन

संशोधनाच्या कामात प्रत्येक गोष्टीला कॉलम असतो. वय, गाव, झोप, भूक, छातीतली धडधड, सगळ्याला. पण जे खरंखुरं घडतं ना, त्यालाच नेमका कॉलम नसतो! मग ते 'रिमार्क्स'मध्ये घाला म्हणतात. आता रिमार्क्सचा रकाना असतो बोटभर आणि आमच्या बाया सांगतात हातभर. राहिलेलं कुठं ठेवायचं? माझ्या डोक्यात! ते आता इतकं साठलंय की स्वयंपाक करता करता मी एकटीच हसत बसते आणि घरचे म्हणतात, "हिलाच बसवा त्या मशीनवर."

मी महानंदा. लहानथोर सगळे नंदाक्का म्हणतात. बिदरमधल्या एका दवाखान्यात मी बरीच वर्षं वरच्या मजल्यावर, बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर होते. गुडघे बोलायला लागले तशी तळमजल्यावर आले, रिसर्चमध्ये. म्हटलं, खुर्चीचं काम आहे. कसली खुर्ची आणि कसलं काय!

रिसर्च कशावर, तर ज्या बाईचं पोटातलं लेकरू गेलंय तिच्या मनात पुढं जी भीती घर करते, तिच्यावर. छाती धडधडते, झोप लागत नाही, पोटात जरा दुखलं तरी हातपाय गार पडतात. अशा बाईच्या कपाळावर आणि डोक्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज ठेवायचे, रबरी पट्ट्यानं बांधायचे आणि त्यातून बारीकसा करंट वीस मिनिटं सोडायचा. टोचायचं नाही, कापायचं नाही, भूल नाही. बाई जागी असते, गप्पा मारते. सुरुवातीला जरा चुणचुणतं, म्हणून बायांनीच त्याचं नाव ठेवलं, चुणचुणीचं मशीन. इंग्रजी नाव लई लांबलचक आहे, ते फक्त आमच्या मॅडमना एका दमात म्हणता येतं.

मॅडम म्हणजे मृण्मयी मॅडम, पुण्याच्या. हुशार, शिस्तीच्या आणि मनानं लोणी. मशीन चालवायला शिवराज, हुमनाबादचा. झाडलोट, पाणी आणि सगळ्या दवाखान्याच्या बातम्या रजियाआपांकडं. आणि उरलेलं सगळं माझ्याकडं!

* * *

मशीन आलं आणि पहिल्याच आठवड्यात दुबलगुंडीचे बंडेप्पा आले. पांढरी टोपी, कपाळाला विभूती आणि लोक खिशाला पेन लावतात तिथं यांचा टेस्टर. वीजखात्यातले रिटायर लाईनमन. सोबत सून, भाग्यश्री. सगळे भागू म्हणतात. सातव्या महिन्यात तिचं लेकरू गेलं होतं, आमच्याच दवाखान्यात, वरच्या मजल्यावर.

मॅडमनी छान समजावून सांगितलं. बंडेप्पांनी 'करंट' एवढा एकच शब्द ऐकला.

"करंट कुठून घेतलाव?" त्यांनी शिवराजला विचारलं.

"सेलवर चालतंय, अप्पा."

"आन अर्थिंग?"

"सेलला कसली अर्थिंग आलीय!"

"आख्खा जलम खांबावर गेलाय माझा. बिगर अर्थिंगचं मशीन माझ्या सुनंच्या डोक्याला? व्हायचं न्हाई!" आणि भागूला घेऊन गेले की निघून.

दुसऱ्या दिवशी परत हजर. पिशवीत तांब्याच्या तारेचं भेंडोळं! आम्ही कागद जमवेपर्यंत यांनी एक टोक मोरीतल्या नळाला गुंडाळलं आणि दुसरं भागूच्या पायातल्या जोडव्याला. मॅडम आत आल्या तर ही पोरगी खुर्चीत बसलेली आणि पायाला तार.

"अहो, हे काय?"

"अर्थिंग," बंडेप्पा म्हणाले. "आता लावा."

मॅडमनी तार सोडवली. कागदावर चित्रं काढून अर्धा तास सगळं परत समजावलं. बंडेप्पांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग पहिलं माझ्यावर लावून बघा."

"तसं करता येत नाही हो. हे फक्त ज्यांचं बाळ गेलंय त्यांच्यासाठी आहे."

"मग मी बी त्यातलाच की," बंडेप्पा म्हणाले. "नातू माझा बी गेलाय."

मला तर एकदम भरून आलं. वरच्या वॉर्डात इतकी वर्षं काढली मी, पण आजा-आजींना कधी कोणी विचारलेलं मला तरी आठवत नाही.

मॅडम उठल्या, स्वतः खुर्चीत बसल्या आणि शिवराजला म्हणाल्या, "मला लाव." स्पंज बसले, पट्टा आवळला, बटण दाबलं. बंडेप्पा जवळ गेले. खिशातला टेस्टर काढला आणि मॅडमच्या कोपराला टेकवला! मग मानेला. मग दुसऱ्या कोपराला. दिवा काही लागला नाही.

"लीकेज न्हाई," ते सुनेला म्हणाले. "बस तू."

* * *

आता भागू आली कशासाठी, ते सांगते.

तिला एक धाकटी बहीण, पूजा. कोहिनूर गावात दिलेली. आई दोघींची लहानपणीच गेली, पूजाला भागूनंच वाढवलेलं. त्या पूजाला दिवस गेलेले आणि बीपी वर चढलेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच. आणि पूजाचा एकच हट्ट, "अक्का, तू जवळ असलीस तरच मी दवाखान्यात जाते. न्हाई तर घरीच होऊ दे काय व्हायचं ते!"

मोठा दवाखाना म्हणजे आमचाच. आणि भागूला तर तो जिना चढणं सोडा, बघवत नव्हता. मागच्या गेटानं, जनरेटरच्या बाजूनं यायची आणि जिन्याकडं पाठ करून बाकावर बसायची. मी एकदा म्हटलं, "चल गं, माझा हात धर, एक पायरी चढू." घामानं भिजली बिचारी. पण जीभ बघा कशी!

"नंदाक्का, डोकं म्हणतंय चल. पाय म्हणायलेत, तूच जा!"

त्यात पूजाच्या सासूनं फोनवर वेगळंच ऐकवलेलं. ज्या बाईचं लेकरू गेलंय तिची सावली बाळंतिणीवर नको, थोरलीनं यायचं न्हाई! ऐकून माझं डोकं असं फिरलं. म्हटलं, दे तो फोन माझ्याकडं, बघतेच तिला. भागू म्हणाली, "राहू द्या अक्का. तिला पूजा बघंल. मला आधी माझ्या पायाचं बघू द्या."

मॅडमच्या फॉर्मात वीस-बावीस प्रश्न होते, पण जिना त्यात नव्हता. मग मी माझा हिशेब वेगळा ठेवला. सिटिंग झालं की दोघींनी जिन्यापर्यंत जायचं आणि भागू किती पायऱ्या चढली ते माझ्या डायरीत. पहिले तीन दिवस भोपळा! चौथ्या दिवशी एक.

* * *

तेलाचा किस्सा तर तुम्हाला सांगितलाच पाहिजे.

डोक्याला तेल असलं की स्पंज नीट टेकत नाही, मशीन लाल दिवा दाखवतं. आणि आमच्याकडची बाई परगावी निघाली की आधी डोक्याला तेल थापते, मग चापून वेणी घालते. दवाखान्यात भुरभुरं डोकं घेऊन जायचं म्हणजे लोक काय म्हणतील! पहिल्या आठवड्यात नुसता लाल दिवा. मग मॅडमनी फॉर्मवरच छापून घेतलं, 'येताना केसांना तेल लावू नये.'

तरी भागू एकदा तेल लावून आली. सासूनं निघता निघता थापलेलं. म्हटलं, आता परत कुठं पाठवायचं हिला? मोरीत पाट टाकला, गिझरचं गरम पाणी काढलं, शिकेकाई होतीच. बसवली आणि चोळायला लागले. माझा हात तो वॉर्डातला, न्हाऊमाखू घालायची सवय असलेला. आणि खाली वाकलेली ही पोरगी हमसून हमसून रडायला लागली.

"डोळ्यात गेलं का गं?"

मान हलवली. मग म्हणाली, "बाळंत मी बी झाले होते की, अक्का. पर मला कुणी न्हाऊ घातलं न्हाई."

खरं होतं हो! लेकरू जगलं की आईला तेल, शेक, धुरी, गरम पाणी, सगळे लाड. आणि लेकरू गेलं की तिला गुपचूप घरी नेतात आणि चौथ्या दिवशी भाकऱ्या थापायला बसवतात. अंग तर तिचंही तितकंच दुखतं. दूध येतं, त्याचं काय करायचं ते सांगायलाही कोणी नसतं. मी स्वतः अशा किती बाया घरी पाठवल्या असतील, माझ्या डोक्यात कधी आलं नाही. लाज वाटली मला. मी परत एक बादली काढली आणि सावकाश, नीट न्हाऊ घातलं तिला. धुरी तेवढी दिली नाही, मॅडमचा स्मोक अलार्म होता म्हणून.

न्हाणीची बातमी रजियाआपांनी फिरवली असणार. दुसऱ्या दिवशी बघते तर बाकावर बसलेल्या सगळ्या बाया तेलानं निथळायल्यात! एकीच्या तर कानामागून ओघळ. मी फॉर्म नाचवला, "वाचता येत न्हाई का गं? तेल लावू नये म्हणून लिहिलंय ना?"

"वाचलं की," बसवकल्याणची कस्तूर म्हणाली. "तवाच तर लावलंय!"

मॅडम डोक्याला हात लावून बसल्या. आता बाईला बरं वाटलं तर ते करंटनं की न्हाऊन, कसं कळणार? दोन दिवस त्यांनी विचार केला, वरिष्ठांना ईमेल पाठवलं. शेवटी नियम झाला, सगळ्या बायांना सारखंच न्हाऊ घालायचं, तेल असो वा नसो. इंग्रजीत त्याला 'स्टँडर्ड प्रोसिजर' म्हणतात. नियमाखाली सही मॅडमची आणि कंबर माझी!

* * *

स्पंज कपाळावर बसवायचा म्हणजे कुंकू मधे येतं. मॅडम पहिल्या दिवशी सरळ म्हणाल्या, "कुंकू पुसून घ्या." समोरची बाई ताडकन उठली. मी मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं, "पुसा म्हणू नका हो. सवाष्ण बाई आहे. 'जरा सरकवून घ्या' म्हणा." तेव्हापासून आमच्याकडं कुंकू सरकतं.

टिकलीवाल्यांचं सोपं होतं. टिकली काढायची, समोरच्या मशीनच्या डब्याला चिकटवायची आणि जाताना परत लावायची. पण गाडीच्या गडबडीत निम्म्या विसरायच्या. बघता बघता डब्याच्या एका बाजूला लाल, मरून, हिरव्या, खड्यांच्या टिकल्यांच्या रांगा लागल्या. शिवराजला काढायला सांगितलं तर म्हणाला, "कामून काढू? कुणाची कुठली ते बायांना बरोबर ठाऊक असतंय."

एक दिवस बेंगळुरूहून तपासणीला साहेब आले. कडक माणूस. कागद बघितले, मशीन बघितलं, चष्मा वर करून त्या टिकल्या बघितल्या. बोटानं एकेक मोजल्या.

"दीज आर कॅलिब्रेशन मार्क्स?" म्हणजे मशीनचं माप जुळवायच्या खुणा.

"येस सर," शिवराज म्हणाला.

"व्हेरी गुड. प्रत्येक मशीनवर असायला पाहिजेत!" आणि साहेबांनी वहीत लिहून घेतलं.

* * *

तीच ती कस्तूर. दर आठवड्याला मॅडम सगळ्यांना विचारायच्या, भीती शून्य ते दहा यात किती? कस्तूरचा आकडा ठरलेला, आठ. कधी नऊ. आणि एका आठवड्यात एकदम दोन!

मॅडमचा चेहरा असा फुलला की काय सांगू. मला म्हणाल्या, "नंदाक्का, बघा, इतका फरक!" शिवराजनं आलेख काढला, रेघ सरळ खाली. मॅडमनी त्याचा फोटो काढून पुण्याला पाठवला. मी मात्र वॉर्डात मुरलेली बाई. कस्तूरला बाजूला घेतलं.

"काय गं, घरात काय नवीन?"

"काय न्हाई अक्का. सासूबाई गाणगापूरला गेल्यात. पारायणाला. सात दिवस."

मी मॅडमना सांगितलं. त्यांचा जीव एवढासा झाला. पण माणूस प्रामाणिक! लगेच पेन काढलं आणि रिमार्क्समध्ये नोंद केली, 'सासू गाणगापूरला.'

पुढच्या आठवड्यात कस्तूरला परत विचारलं. आकडा सात. मॅडम सगळं समजून म्हणाल्या, "सासूबाई आल्या वाटतं परत?"

"अजून कुठं!" कस्तूर म्हणाली. "आत्ता फोन आलाय, गाडीत बसलेत म्हणून."

* * *

आता जरा नीट ऐका. या प्रयोगात काही बायांना खरा करंट मिळतो आणि काहींना नुसती सुरुवातीची चुणचुण, मग मशीन गुपचूप थांबतं. कोणाला कुठला, ते फक्त कॉम्प्युटरला माहीत. बाईला नाही, शिवराजला नाही, मॅडमनाही नाही. फसवाफसवी नाही हं, बायांना हे आधीच सांगून सही घेतलेली असते. नावानं हाकही मारायची नाही, नंबरानं मारायची. प्रत्येकीकडं नंबरचं कार्ड.

एक दिवस शिवराजनं पुकारलं, "झिरो सेव्हन!" बाई आली, कार्ड दिलं, बसली, वीस मिनिटं झाली, गेली. मग "झिरो नाईन!" दुसरी आली. आणि मी नेमकी पाणी द्यायला आत गेले. बघते तर नाईनच्या जागी कस्तूर! नाईन तर महादेवी, तिच्याच शेजारच्या गल्लीतली.

"तू सात नंबर ना गं? मग सातवर कोण बसून गेलं?"

"महादेवी. तिची बसवकल्याणची गाडी होती ना, अक्का. मागनं दोन तास गाडी न्हाई. म्हणून कार्ड बदलून घेतलो."

रेशनच्या रांगेत आपण नाही का म्हणत, तुला घाई आहे, तू हो पुढं? तसंच केलं होतं यांनी. मॅडम धावत आल्या. त्यांना घाम फुटलेला. "अहो, तिचा करंट वेगळा असेल, तुमचा वेगळा असेल!"

कस्तूरनं त्यांना धीर दिला. "घाबरू नका मॅडम. उद्या ती माझ्या नंबरावर बसंल, मी तिच्या. फिट्टंफाट!"

मॅडमनी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडं मागून चहा घेतला, साखर जास्त घालून. मग दोघींसाठी चार पानी खुलासा लिहिला. त्या खुलाशात गाडीचं टाइमटेबलही जोडलंय, खोटं नाही सांगत!

तोवर भागू माझ्या डायरीत अकराव्या पायरीपर्यंत पोचली होती. जिना तिथं वळतो. वळणावर सपाट जागा आहे, तिथं उभं राहिलं की वरून लेकरांचं रडणं ऐकू येतं. तिथनं पुढं काही केल्या जाईना. तिला खरा करंट होता की नुसती चुणचुण, देवाला ठाऊक. बंडेप्पा खाली जेवणाचा डबा धरून उभे असायचे आणि ती परत आली की रोज एकच म्हणायचे, "बास झालं आज. भाकर खा."

आणि पूजाचे दिवस भरत आले होते. भागू मला विचारायची, "अक्का, माझ्यानं जमलं न्हाई तर ती खरंच घरी बसंल का ओ?" मी म्हणायचे, न्हाई गं, येईल ती. पण माझीही झोप उडाली होती. चढलेल्या बीपीचं घरातलं बाळंतपण कसं असतं ते मी बघितलंय.

* * *

त्या दिवशी सकाळचं सिटिंग होतं. भागू खुर्चीत बसली. डोकं धुतलेलं, टिकली डब्यावर, स्पंज बसवलेले, पट्टा आवळलेला. शिवराजनं मशीन मांडीवर घेतलं. एवढ्यात रजियाआपा बादली घेऊन आत आल्या आणि आपल्या नेहमीच्या आवाजात मला म्हणाल्या, "नंदाक्का, उप्पर एक पोट्टी आयी सो सुबू से. कोहिनूर की बोलते. 'मेरी अक्का कू बुलाव, मेरी अक्का कू बुलाव' बोलको इत्ता चिल्लारी, पूछो नक्को!"

मी डोळे वटारले, पण उशीर झाला होता. कळा लागल्यावर पूजाला तिचा हट्ट न ऐकता पहाटेच आणलं होतं आणि सासूनं आमच्यापैकी कोणाला कळू दिलं नव्हतं.

भागू उठली. पट्टा, स्पंज, वायरी, सगळं डोक्यावर तसंच. दारातून बाहेर, जनरेटरकडं नाही, जिन्याकडं! वायरी ताणल्या तसा शिवराज मशीन दोन्ही हातांत धरून मागं पळाला. "ताई! हळू! वायर तुटंल!" त्याच्या मागं मॅडम, त्यांच्या मागं माझे गुडघे आणि शेवटी डबा घेऊन बंडेप्पा. मी रोज पायऱ्या मोजणारी बाई, त्या दिवशी मोजायचं साफ विसरले!

मॅडम खालून ओरडायल्या, "शिवराज, करंट एकदम काढू नकोस! हळूहळू उतरव!"

"मॅडम, बटणच दाबलं न्हाई अजून!"

मॅडम वळणावर थबकल्या. "मग ती वर कशी निघालीय?"

"पायानं, मॅडम!"

लेबर रूमच्या दारात पूजाची सासू, वाट अडवून बसल्यासारखी. तिनं भागूला लग्नात एकदाच बघितलेलं. आता समोरून ही आली. कपाळाला काळा पट्टा, डोक्यातून दोन वायरी, मिठाचं पाणी गालावरून ओघळायलंय. मागं एक माणूस मशीन धरून चालतोय, त्याच्या मागं पांढऱ्या कोटातल्या मॅडम, मागं सिस्टर. म्हातारी धडपडून उठली. डोक्यावर पदर घेतला आणि भिंतीला चिकटून वाट दिली.

"या बाईसाब, या! सकाळधरनं नुसतं वरडायलीय पोरगी. धडपणी सुटंल का ओ?"

भागू थांबली. तिच्याकडं सरळ बघितलं.

"सुटंल," ती म्हणाली. "मी आलेय न्हवं आता."

आणि गेली आत. दार लावून घेऊन मी तिचा पट्टा सोडवला, स्पंज काढले, अंगात गाऊन चढवला. पाय तिचे चालतच होते. लेबर रूमची सिस्टर माझ्याच हाताखाली शिकलेली. तिनं विचारायला तोंड उघडलं, मी नुसतं बघितलं, तिनं मिटलं. पलीकडून पूजाचा आवाज आला, "अक्का आली का गं?" भागू म्हणाली, "आले, आले. कामून एवढी वरडायलीस, समदा दवाखाना गोळा केलास!" दोन ओले स्पंज हातात घेऊन मी बाहेर आले आणि तिथंच बाकावर बसून राहिले. मॅडम बसल्या, शिवराज बसला. बंडेप्पा बसेनात.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग आतून लेकरू रडलं. चांगलं खणखणीत! मॅडमनी माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली.

म्हातारीनं दोन्ही हात जोडून दाराला नमस्कार केला. डोळे पुसले. शेजारी बंडेप्पा उभे होते, त्यांना ती ओळखत नव्हती. त्यांच्याकडं वळून म्हणाली, "लई हातगुणाची बाई हाय ओ पाव्हणं. पाऊल टाकलं आन पोरगी सुटली! कुठल्या म्हणायच्या ह्या डॉक्टरीणबाई?"

बंडेप्पांनी डबा खाली ठेवला. टोपी काढली, झटकली, परत नीट घातली.

"दुबलगुंडीच्या," ते म्हणाले. "आमच्या सूनबाई हायत!"